ताणाची स्प्रिंग आणि ड्रॉबार स्प्रिंग : थेरपी झोपाळ्याच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

विशेष मुलांच्या एका उपचार केंद्रासाठी छतातील लोखंडी गर्डरला एकाच बिंदूतून टांगायचा झोपाळा तयार करण्याचे काम आजपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये सुरू झाले. केंद्रातील ताईंची मागणी अशी आहे की झोपाळा केवळ मागेपुढे हलणारा नको, तर मुलाला त्यावर बसून वरखाली हलकेच उसळता आले पाहिजे, कारण शरीराच्या तोलाची जाणीव विकसित होण्यासाठी ती उसळी त्यांना उपयोगी वाटते. त्यासाठी गर्डर आणि झोपाळा यांच्यामध्ये एक स्प्रिंग हवी. मुलाचे जास्तीत जास्त वजन ६० किलो आणि फळी, दोर, कड्या मिळून झोपाळ्याचे १२ किलो असे एकूण ७२ किलो, अर्थात ७०६ न्यूटन, एवढा स्थिर भार धरला आहे.

झोका घेताना भार एवढाच राहत नाही. उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत झोका गेला, तर सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना दोरातील ओढ वजनाच्या १.२७ पट होते, म्हणजे ७०६ चे ८९५ न्यूटन होतात. ४५ अंशांना ती जवळजवळ १.६ पट होते. उसळीचा भार यावर आणखी चढतो. त्यामुळे स्प्रिंग निवडताना ७०६ हा आकडा केवळ प्रारंभ आहे, हे या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

५ जून २०२४

स्प्रिंगचा साधा आणि स्वस्त पर्याय म्हणजे ताणाची स्प्रिंग, जिला बाजारात टेन्शन स्प्रिंग म्हणतात. दुचाकीच्या साइड स्टँडला, लोखंडी फाटकाला, ट्रॅम्पोलिनला हीच असते. तिचे वेढे एकमेकांना चिकटून असतात आणि दोन्ही टोकांना तारेचेच हूक वळवलेले असतात. दुकानातून एक स्प्रिंग आणून मोजली : तार ५ मिलिमीटर, वेढ्यांचा मध्यव्यास ३५ मिलिमीटर, वेढे ४०. सोबत प्रमाणपत्र काही नव्हते.

कडकपणा, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर ताणायला लागणारा जोर, काढण्याचे सूत्र सर्वपरिचित आहे. तारेच्या व्यासाचा चौथा घात आणि पोलादाचा पीळ-गुणांक (पिळले जाण्याला पोलाद किती विरोध करते तो आकडा) यांच्या गुणाकाराला, मध्यव्यासाचा घन, वेढ्यांची संख्या आणि ८ यांच्या गुणाकाराने भागायचे. पीळ-गुणांक ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरल्यास या स्प्रिंगचा कडकपणा ३.६ न्यूटन प्रति मिलिमीटर येतो. तार चौथ्या घातात आणि व्यास घनात येतो, म्हणून तार अर्धा मिलिमीटर जाड झाली तरी स्प्रिंगचा स्वभावच बदलतो. ५ ऐवजी ५.५ मिलिमीटर तार घेतल्यास कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. मोजताना व्हर्नियर नीट धरणे किती गरजेचे आहे, हे त्यावरून कळेल.

ताणाच्या स्प्रिंगमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी दाबाच्या स्प्रिंगमध्ये नसते, आणि ती म्हणजे प्रारंभिक ताण. तार गुंडाळतानाच तिला असा पीळ दिला जातो की वेढे एकमेकांना दाबून बसतात, आणि ठरावीक भार ओलांडेपर्यंत स्प्रिंग उघडतच नाही. हा ताण मोजण्यासाठी ती नुकती कधी उघडते हे डोळ्यांनी पाहत बसणे चुकीचे आहे, कारण सगळे वेढे एकाच वेळी उघडत नाहीत. आम्ही ४० किलो टांगून वाढ मोजली, ती ६६ मिलिमीटर आली. ६० किलोला १२०.५ आली. या दोन बिंदूंवरून कडकपणा ३.६ निघाला आणि तीच रेषा मागे शून्य वाढीपर्यंत नेली, तेव्हा प्रारंभिक ताण सुमारे १५५ न्यूटन मिळाला. व्यास आणि तार यांचे प्रमाण, ज्याला स्प्रिंगचा निर्देशांक म्हणतात, येथे ७ आहे, आणि ७ निर्देशांकाच्या स्प्रिंगला एवढा प्रारंभिक ताण देणे नेहमीच्या मर्यादेत बसते.

७०६ न्यूटनला ही स्प्रिंग १५३ मिलिमीटर ताणली जाईल. वेढ्यांतील पिळाचा स्ट्रेस, म्हणजे पोलादाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर येणारा जोर, वाल यांचा वक्रतेचा गुणक (वाकलेल्या तारेच्या आतल्या बाजूला स्ट्रेस वाढतो, तो हिशेबात घेणारा आकडा) धरून, ६११ मेगापास्कल, अर्थात तेवढे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, येतो. युरोपातील ईएन १०२७०-१ या मानकात एसएम प्रतीच्या (स्थिर भारासाठीच्या, मध्यम ताकदीच्या) ५ मिलिमीटर तारेची ताणशक्ती, म्हणजे ओढून तुटण्याआधी ती सोसते तो स्ट्रेस, १४६० ते १६५० मेगापास्कल दिली आहे. मी १५०० धरली. वेढ्यांसाठी स्थिर भाराला तिच्या ४५ टक्के, म्हणजे ६७५ पर्यंत जाता येते. कागदावर स्प्रिंग बसते आहे, म्हणून चाचणीला लावायचे ठरले.

८ जून २०२४

स्प्रिंग तुटली.

चाचणीच्या चौकटीत वरचे टोक पक्के करून खालचे टोक गिअर मोटरच्या क्रँकला जोडले होते. मधली वाढ १५३ मिलिमीटर आणि तिच्या दोन्ही बाजूंना ४० मिलिमीटर, असे मिनिटाला ६० फेरे चालू होते. १ तास ५२ मिनिटांनी, साधारण ६,७०० फेऱ्यांनंतर, वरचा हूक वेढ्याला जिथे मिळतो तिथे मोडला. वर बांधलेले टोक सुटल्याबरोबर स्प्रिंग उलटी होऊन भोवतीच्या जाळीवर एवढ्या जोराने आदळली की जाळीची दोन घरे फाकली. जाळी लावलेली होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. ती न लावता चाचणी घ्यावी, असे सकाळी मला क्षणभर वाटले होते, हेही येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

७०६ न्यूटनला ताणलेल्या या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा मोजली, तर सुमारे ६६ जूल येते. १ किलोचे वजन साडेसहा मीटरपेक्षा अधिक उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ती आहे, आणि ती पाऊण किलोच्या आतल्या पोलादात कोंडलेली असते. तिच्या खाली एक मूल बसणार होते.

९ जून २०२४

रविवार असूनही तुटलेला हूक भिंगाखाली पाहिला. भेग वळणाच्या आतल्या बाजूने सुरू झाली आहे आणि त्या जागी वळवण्याच्या अवजाराचा एक बारीक ओरखडा स्पष्ट दिसतो. ओरखडा हे निमित्त झाले. खरी चूक माझ्या हिशेबात होती, कारण मी फक्त वेढे तपासले आणि हूक तपासलाच नाही.

हुकात दोन जागा धोक्याच्या असतात. पहिली म्हणजे हुकाच्या कमानीची पाठ, जिथे तार वाकते. तिथे वाकण्याचा स्ट्रेस ७०६ न्यूटनला ११६० मेगापास्कलच्या आसपास येतो, तर मर्यादा ताणशक्तीच्या ७५ टक्के, म्हणजे ११२५ आहे. दुसरी जागा म्हणजे हूक वेढ्यातून वर उठतो ते छोटे वळण, जिथे तार पिळली जाते. तिथला स्ट्रेस वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. आमच्या स्प्रिंगमध्ये मध्यरेषेवर मोजलेली ही त्रिज्या जेमतेम तारेएवढी, ५ मिलिमीटर होती. त्यामुळे वक्रतेचा गुणक १.७५ झाला आणि स्ट्रेस ८८१ मेगापास्कलवर गेला, जेव्हा हुकाच्या पिळासाठी मर्यादा ४० टक्के, म्हणजे ६०० आहे. चाचणीत कमाल ओढ ८५० न्यूटन होती. तेव्हा हा आकडा १०६० पर्यंत पोहोचत होता. हीच त्रिज्या १० मिलिमीटर असती, तर गुणक १.२५ वर आला असता. स्प्रिंग वेढ्यांत न तुटता नेमकी या वळणात तुटली, यात आश्चर्य काही नाही; ती तिथेच तुटायची होती.

ताणाच्या स्प्रिंगचा विचार करताना वेढ्यांच्या स्ट्रेसचा तक्ता पाहून थांबणे ही फार पसरलेली सवय आहे आणि ती सोडली पाहिजे. वेढ्यांना ४५ टक्के मिळतात, हुकाला ४० टक्के मिळतात, आणि वर हुकाचा गुणक मोठा असतो. हूक वेढ्यांपेक्षा नेहमी आधी मर्यादा गाठतो, असे धरूनच हिशेब हुकापासून सुरू करावा.

११ जून २०२४

हूक सुधारून हीच जात वापरता येईल का, याचा विचार केला. शेवटचे काही वेढे लहान व्यासाचे करून, शंकूसारखे निमुळते करत नेऊन, त्यात फिरता बोल्ट अडकवण्याची पद्धत आहे. त्याने कमानीवरील वाकणे टळते. वेढ्यांत आटे असलेला खुंटा फिरवून बसवण्याचीही पद्धत आहे. दोन्हींनी हूक सुधारतो, पण दोन गोष्टी तशाच राहतात. ताणाच्या स्प्रिंगला स्वतःची थांबण्याची जागा नसते. भार वाढत गेला की ती वाढत जाते आणि शेवटी कायमची ओढली जाते. दुसरे, ती कुठेही तुटली तरी वरचे आणि खालचे यांना जोडणारे काही उरत नाही.

पहिल्यावर आणि दुसऱ्यावर मिळून उपाय आहे, आणि तो म्हणजे स्प्रिंगच्या आतून सुरक्षा दोर ओवणे. परदेशांत गॅरेजच्या दारांच्या ताणाच्या स्प्रिंगमधून अशी तार ओवलेली असते. अनेक मोटारसायकलींच्या स्टँडला एकात एक अशा दोन स्प्रिंग असतात, त्यामागेही हाच विचार आहे. तरीही दोर ओवला म्हणजे जिच्यावर भरवसा नाही ती वस्तू आपण जागेवर ठेवली आणि तिच्या शेजारी दुसरी राखण ठेवली, असे मला वाटते. भार सांभाळणाऱ्या वस्तूच्या रचनेतच ती राखण असेल, तर ते अधिक चांगले.

१४ जून २०२४

ती रचना ड्रॉबार स्प्रिंगमध्ये आहे. ट्रॅक्टरच्या मागे औजार किंवा ट्रेलर ओढण्याच्या दांड्याला ड्रॉबार म्हणतात, हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. ओढ घेणारी स्प्रिंग म्हणून हिला हे नाव मिळाले. बंदरात बोटी बांधण्याच्या साखळीत आणि झोपाळ्यांत ती वापरतात.

रचना साधी आहे, पण एकदा हातात घेतल्याशिवाय नीट उमगत नाही. मध्ये दाबाची स्प्रिंग असते. तिच्या पोकळीतून दोन यू-आकाराचे गज विरुद्ध दिशांनी घातलेले असतात. वरच्या गजाची कमान वर असते आणि त्याचे दोन पाय स्प्रिंगच्या आतून खाली जाऊन शेवटच्या खालच्या वेढ्याखाली बाहेर वळलेले असतात. खालच्या गजाची कमान खाली असते आणि त्याचे पाय वरच्या वेढ्यावर वळलेले असतात. पायांच्या या वळलेल्या टोकांना आकडे म्हणतात. दोन्ही कमानी ओढल्या की पाय स्प्रिंगला दोन्ही टोकांनी दाबतात. बाहेरून पाहणाऱ्याला वस्तू ताणली जाताना दिसते, पण आत तार दाबाखाली काम करते.

यातून तीन गोष्टी आपोआप मिळतात. तारेला हूक उरत नाही, त्यामुळे ९ जूनच्या नोंदीतील दोन्ही धोक्याच्या जागा नाहीशा होतात. भार वाढला तर वेढ्यावर वेढा बसतो आणि स्प्रिंग घट्ट नळीसारखी होऊन तिथेच थांबते. आणि तार मधेच तुटली, तरी तिचे तुकडे दोन गजांच्या आकड्यांमध्ये दाबलेले राहतात, म्हणून झोपाळा थोडा खाली येतो, पण पडत नाही. किमतीत ती महाग पडते, लांबीला जास्त जागा घेते आणि वजनालाही जड असते. या कामासाठी हे तिन्ही तोटे मी आनंदाने स्वीकारतो.

१८ जून २०२४

उद्यमनगरातच स्प्रिंग तयार करणाऱ्या काकांकडे गेलो. मी तार, व्यास, वेढे, लांबी आणि कडकपणा असे सगळेच लिहून नेले होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तार आणि वेढे नंतर बघू. भार किती, ओढ किती आणि बसवायला जागा किती, एवढं आधी सांगा." ओढ म्हणजे इथे स्प्रिंग किती मिलिमीटर ओढली जाणार ते अंतर. त्यांचे म्हणणे योग्य आहे. प्रत्येक माप बांधून दिले, तर कडकपणात १० टक्क्यांच्या आत जो फरक नेहमी येतो, तो दुरुस्त करण्यासाठी कारागिराच्या हातात एकही माप मोकळे राहत नाही. भार आणि ओढ बांधून द्यावी, वेढ्यांची संख्या त्यांच्याकडे सोडावी.

दोघांनी बसून ठरवलेली मोठी स्प्रिंग अशी आहे : तार ७ मिलिमीटर, मध्यव्यास ४९, काम करणारे वेढे २५ आणि घासून सपाट केलेली टोके धरून एकूण २७. कडकपणा ८.०६ न्यूटन प्रति मिलिमीटर. पूर्ण मिटलेली लांबी १८९, मोकळी लांबी ३३९, म्हणून एकूण ओढ १५० मिलिमीटर. वेढे पूर्ण टेकतात तेव्हा भार १२०९ न्यूटन, म्हणजे १२३ किलो असतो आणि पिळाचा स्ट्रेस ५३४ मेगापास्कल. या वेळी तारेचे प्रमाणपत्र मिळाले आहे. त्यावर ताणशक्ती १४०० आहे. म्हणजे स्प्रिंग पूर्ण मिटली तरी आपण ३८ टक्क्यांवर थांबतो, आणि त्यापुढे कितीही ओढले तरी तारेवरचा पीळ वाढत नाही. निवडीतील हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ड्रॉबार स्प्रिंगची तार कामाच्या भाराला न तपासता पूर्ण मिटलेल्या स्थितीला तपासावी, आणि त्या स्थितीत ती मर्यादेत बसली की जादा भाराने तार बिघडण्याची काळजी संपते.

७२ किलोला ही ८८ मिलिमीटर ओढली जाईल, ३० अंशांच्या झोक्यात १११. उसळीसाठी ३९ मिलिमीटर उरतात.

लांबी व्यासाच्या जवळजवळ सातपट असल्यामुळे मोकळी उभी करून दाबली, तर अशी स्प्रिंग बाजूला फुगेल. दोन्ही टोके सपाट आधारावर असलेल्या पोलादी स्प्रिंगसाठी ही मर्यादा साधारण सव्वापाच पट असते. इथे आतले चार पाय तिला आधार देतात, म्हणून चालेल, पण घर्षण होणार हे गृहीत धरले पाहिजे.

२४ जून २०२४

गजांचा हिशेब. पहिल्या चित्रात मी ८ मिलिमीटरचा गज घेतला होता. स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत प्रत्येक पायावर ६०५ न्यूटन येतात. पायाची मध्यरेषा आणि वेढ्याची मध्यरेषा यांत ८.५ मिलिमीटर अंतर असल्यामुळे आकड्याच्या वळणात वाकणे आणि ओढ मिळून ११४ मेगापास्कल होतात. साध्या पोलादाची नमनशक्ती, म्हणजे ज्या स्ट्रेसला ते कायमचे वाकू लागते ती, २५० असते, तेव्हा हे पुरेसे वाटले.

पण स्प्रिंग मिटल्यानंतर पुढचा सगळा भार गजांवर जातो. आम्ही ३०० किलोची चाचणी ठरवली आहे, म्हणजे जवळजवळ ३००० न्यूटन. त्या भाराला ८ मिलिमीटरच्या गजात २८४ मेगापास्कल येतात, म्हणजे आकडे सरळ होऊ लागतील. गज १० मिलिमीटरचा केला. वेढ्यांचा आतला व्यास ४२ आहे. चारही पाय बाजूंना एक-एक मिलिमीटर मोकळीक ठेवून ३० मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात आणि शेजारच्या दोन पायांच्या मध्यरेषांत २१ मिलिमीटर अंतर राहते. पाय मध्याकडे सरकल्याने अंतर ९.५ झाले, तरी स्ट्रेस १६४ वर आला. गज तापवून वाकवायचे आणि वळणाची आतली त्रिज्या किमान गजाएवढी ठेवायची, असे सांगितले आहे. तारेच्या बाबतीत जी चूक झाली, ती गजाच्या वळणात पुन्हा होऊ द्यायची नाही.

२९ जून २०२४

केंद्रातील ताई येऊन गेल्या. त्यांनी विचारलेला प्रश्न मला आधी सुचायला हवा होता : केंद्रात १५ ते २५ किलोची मुलेच अधिक आहेत, त्यांना हीच स्प्रिंग चालेल का?

उसळीचा वेग कडकपणा भागिले वस्तुमान यावर ठरतो. ७२ किलोला मोठी स्प्रिंग सेकंदाला १.७ वेळा उसळते. २० किलोचे मूल बसले, तर एकूण वस्तुमान ३२ होते आणि उसळी सेकंदाला अडीच वेळा होते, जी त्यांच्या मते मुलाला झटके देणारी आहे. म्हणून लहान मुलांसाठी दुसरी ड्रॉबार स्प्रिंग केली : तार ६ मिलिमीटर, बाकी मापे तीच, कडकपणा ४.३५, मोकळी लांबी ३१२. २५ किलोचे मूल धरून ३७ किलोला ती ८३ मिलिमीटर ओढली जाते आणि उसळी पुन्हा सेकंदाला १.७ वेळा येते. दोन वेगळ्या वजनांच्या मुलांना एकसारखी उसळी मिळेल, हे पाहून ताईंना झालेला आनंद माझ्यापर्यंतही पोहोचला. तार केवळ १ मिलिमीटरने बारीक केल्याने कडकपणा जवळजवळ निम्मा झाला आहे.

स्प्रिंगची अदलाबदल होऊ नये म्हणून मोठी निळी आणि लहान पिवळी रंगवायची.

६ जुलै २०२४

केंद्राच्या दाराशी असलेले अर्धे फाटक आपोआप मिटावे, म्हणून तिथे मात्र ताणाची स्प्रिंगच दिली. तार २.५, मध्यव्यास २०, वेढे ६०. फाटक पूर्ण उघडल्यावर ६० मिलिमीटर वाढ, ओढ सुमारे ७८ न्यूटन, हुकातील वाकणे ५७७ मेगापास्कल, म्हणजे या जाडीच्या तारेच्या ताणशक्तीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. इथे प्रारंभिक ताणाचा उपयोग होतो, कारण मिटलेले फाटक वाऱ्याने उघडू नये यासाठी सुरुवातीलाच ३० न्यूटनची ओढ मिळते. स्प्रिंग तुटली तर फाटक उघडे राहील, एवढेच होईल.

१३ जुलै २०२४

दोन्ही स्प्रिंग तयार होऊन आल्या. गुंडाळल्यानंतर भट्टीत ताण घालवून झाला आहे आणि प्रत्येकीला तीन वेळा पूर्ण मिटवून पाहिले आहे, जेणेकरून जी काही लांबी बसायची ती कामावर चढण्याआधीच बसावी. मोठीची लांबी ३३९ च राहिली. २० किलोला २४ आणि ६० किलोला ७२ मिलिमीटर ओढ मोजली, कडकपणा ८.२ निघाला, म्हणजे हिशेबापेक्षा २ टक्क्यांच्या आत. भार उतरवताना त्याच वजनांना वाचन दोन-तीन मिलिमीटर जास्त येते, कारण पाय वेढ्यांना घासतात. झोपाळ्यात हे घर्षण उलट उपयोगी आहे, उसळी लवकर शमते.

१६ जुलै २०२४

लेप कोणता द्यावा, यावर सकाळ गेली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडे पोलाद आठवड्यात गंजते. झिंक प्लेटिंगचा पर्याय मी नाकारला. प्लेटिंगच्या आम्लातून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि उच्च ताणशक्तीची तार ठिसूळ होते; प्लेटिंगनंतर काही तासांत भट्टीत कित्येक तास तापवून तो बाहेर काढावा लागतो, आणि ते झाले आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. बाजारातून आणलेली पहिली स्प्रिंग अशीच चकचकीत होती. ताणाच्या स्प्रिंगमध्ये तर चिकटलेल्या वेढ्यांच्या फटीत लेप नीट पोहोचतही नाही. ड्रॉबारचे वेढे मोकळे असल्यामुळे पावडर कोटिंग सगळीकडे बसते. पाय घासतात तिथे ग्रीस.

२९ जुलै २०२४

गेल्या आठवड्यात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती, वर्कशॉपमधले अनेक जण घरच्या धावपळीत होते, त्यामुळे काम थांबले. कोटिंग होऊन स्प्रिंग आज आल्या आणि क्रँकवर मोठी स्प्रिंग चढवली. मधली ओढ ८८, दोन्ही बाजूंना ४०, जाळी दुहेरी.

१ ऑगस्ट २०२४

२,००,००० फेरे पूर्ण झाले. सुमारे ५६ तास लागले. तार अखंड. पायांवरचा रंग चार जागी उडाला आहे, पोलादावर केवळ चकाकी आली आहे. लांबी ३३८.५.

त्यानंतर चेन ब्लॉक (साखळीचे उचलयंत्र) आणि क्रेनच्या वजनकाट्यावर ३०० किलोची ओढ १० मिनिटे दिली. १२५ किलोला वेढ्यावर वेढा बसला आणि त्यानंतर काटा चढत गेला, पण लांबी हलली नाही. आकडे उघडले नाहीत.

३ ऑगस्ट २०२४

ज्यासाठी ही जात निवडली, ती चाचणी आज घेतली. जास्तीची एक मोठी स्प्रिंग घेऊन, भार नसताना, तिचा तेरावा वेढा ग्राइंडरने आरपार कापला. मग ७२ किलोची वाळूची पोती हळूहळू टांगली. तुटलेले एक टोक शेजारच्या वेढ्यावर जाऊन टेकले, दुसरे किंचित आत वळले, आणि पोती तशीच लटकत राहिली. अखंड स्प्रिंगपेक्षा ती ९ मिलिमीटर खाली होती. अर्धा तास झोके दिले. ठणठण असा आवाज येत होता, म्हणजे तुटल्याचे कळायला नजरेची गरज पडणार नाही. वर्कशॉपमधले सगळे काम सोडून पाहायला उभे होते. ८ जूनचा आवाज सगळ्यांना आठवत होता.

७ ऑगस्ट २०२४

केंद्रात झोपाळा बसवला. गर्डरला पट्टीचा क्लॅम्प, खाली शॅकल (बोल्टने बंद होणारी यू-आकाराची कडी), फिरती कडी, मग निळी स्प्रिंग. स्प्रिंगवर जाड कॅनव्हासची खोळ घातली आहे, कारण मोकळ्या दोन वेढ्यांत ६ मिलिमीटरची फट असते आणि भार येताच ती मिटते. बोट नाही, तरी केस अडकू शकतात. जुन्या वाड्यांतल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या वर्षातून एकदा उतरवून तपासण्याची रीत माझ्या आजोळी होती. तशीच वही इथे दिली आहे : दर तीन महिन्यांनी खोळ काढून तार पाहायची, पायांची झीज मोजायची, ग्रीस भरायचे आणि मोकळी लांबी लिहायची. निळीची ३३९ आणि पिवळीची ३१२. यात ५ मिलिमीटरची घट दिसली, गजाचा पाय १ मिलिमीटरने झिजला किंवा ठणठण आवाज आला, तर झोपाळा बंद करून आम्हाला कळवायचे.

परवा नागपंचमी आहे. झोके घ्यायचे म्हणून ताईंनी मुलांना शुक्रवारी सकाळी लवकर बोलावले आहे. पहिली पाळी १८ किलोच्या एका मुलीची असल्याने निघताना निळी उतरवली, पिवळी स्प्रिंगची मोकळी लांबी मोजून वहीत पहिली नोंद केली आणि मग ती चढवली. पुढची तपासणी ७ नोव्हेंबरला.